स्टिअरिंग ढिल्लं आणि चेसिसचे रिव्हेट सुटलेले : १९८६ ची छोटी महिंद्रा, वेल्डिंग मारू की नको?

संत्राबाग (काटोल रोड, नागपूर)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहून राहिलो, पण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच येतं, हे तीन मेकॅनिक फिरून शिकलो.

गाडी महिंद्राची छोटी जीप, १९८६ ची, ८० इंची व्हीलबेस. बाबांनी घेतली तेव्हा पेट्रोल होती. नव्वदच्या आसपास, तेव्हा सगळेच करायचे तसं, त्यांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. आरसीवर नोंद आहे. बाबा गेले, बाग आणि जीप माझ्याकडे आली. कळमेश्वरच्या पुढे आमची साडेचार एकर संत्री आहेत. आंबिया बहाराच्या तोडीत मागे क्रेट भरून बागेतून डांबरीपर्यंत आणायला ही गाडी लागते, आणि शनिवार-रविवारी शहरातून बागेत जायलाही हीच.

त्रास असा. हळू चालवली तर स्टिअरिंग नुसतं ढिल्लं. चाक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे फिरतं, पण टायर जागचे हलत नाहीत. ४५ च्या पुढे गेलो आणि सिमेंट रोडच्या एखाद्या जॉइंटवर पुढचं चाक आदळलं, की दोन्ही चाकं थयथयाट सुरू करतात. स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं. गाडी पार २० वर आणली की मगच शांत होते. मागच्या आठवड्यात फेटरीजवळ हे झालं तेव्हा बाजूला बायको होती. ती म्हणाली, "मी एसटीनं येते." आणि खरंच उतरून एसटीनं आली.

आतापर्यंत केलेलं: पहिल्या मेकॅनिकनं स्टिअरिंग बॉक्सचा बाजूचा स्क्रू तीनदा आवळला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटलं. आता मधोमध चाक जड जातं आणि वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही, पण प्ले, म्हणजे चाकाची ती मोकळी फिरत, तेवढाच. दुसऱ्यानं चारही टाय रॉड एंड नवे टाकले. फरक शून्य. तिसरा म्हणाला बॅलन्सिंग करा. केलं.

मग रविवारी मी स्वतःच गोणपाट अंथरून खाली शिरलो. चेसिसचा पुढचा आडवा मेंबर उजव्या रेलला (चेसिसच्या लांब उभ्या तुळईला) जिथं रिव्हेटनं जोडला आहे, तिथं तपकिरीसारखी बारीक तांबूस भुकटी जमली होती. पुसली तर खाली सहापैकी दोन रिव्हेटांची डोकीच नाहीत. तिसरा नखानं फिरतो. त्याच रेलवर, स्टिअरिंग बॉक्सच्या मागच्या बोल्टपासून खाली उतरणारी केसाएवढी चीर आहे, अंदाजे दोन इंच.

घराजवळचा वेल्डर म्हणतो, "पाच मिनिटाचं काम आहे साहेब, सगळीकडून मारून टाकतो, लोखंड तुटंल पण वेल्डिंग नाही तुटणार." त्याचं हेच वाक्य ऐकून घाबरलो. जानेवारीत पासिंग आहे. वेल्डिंग मारू का? रिव्हेट आजकाल कोणी मारतं का? आणि स्टिअरिंगचं काय, की हे दोन वेगळेच आजार आहेत?

---

चारचाक_वेडा

भाऊ, जुनं बॉक्स भंगारात द्या. नवीन गाडीचं पॉवर स्टिअरिंगचं बॉक्स बसतं, ब्रॅकेट बनवून देतात. माझ्या मित्राच्या जीपला केलं आहे, एका बोटानं फिरते. रिव्हेटच्या जागी चांगले बोल्ट टाका, विषय संपला.

---

वाडीवाला

चारचाक_वेडा, चिरलेल्या रेलवर पॉवर स्टिअरिंग? जी रेल हाताच्या जोरानं फाटली, तिला पंपाचा जोर देणार? आधी चेसिस, मग हौस.

संत्राबाग भाऊ, वेल्डरला तूर्तास घरीच राहू द्या. माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, त्यात खाल्लेला एक फटका सांगतो. माझ्या एका पिकअपची रेल चिरली होती. ड्रायव्हरनं मला न विचारता रस्त्यावरच वेल्डिंग मारून घेतलं, रेलच्या खालच्या पट्टीवर आडवी, जाड, सुरवंटासारखी शिवण. तीन महिन्यांनी बोरीच्या पुलाच्या अलीकडे मोठा आवाज झाला. शिवण जशीच्या तशी होती. तिच्या बाजूला दोन मिलीमीटरवर रेल कापल्यासारखी तुटली होती. तुमचा वेल्डर खोटं बोलत नाही, वेल्डिंग तुटतच नाही. शेजारचं लोखंड तुटतं.

रिव्हेट मारणारे आहेत अजून, आमच्या वाडीत (नागपूरजवळची, अमरावती रोडची) ट्रकच्या चेसिसवर काम करणारे दोन-तीन जण मला माहीत आहेत. पण इथं जुना_फिटर काकाजी असतात, त्यांना बोलू द्या.

---

जुना_फिटर

बोलतो. नातवानं टायपिंगला बसवलं आहे, तो चुका करेल त्या त्याच्या.

मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत २९ वर्षं काढली. आम्ही त्याला रिव्हेट नाही म्हणत, रिपीट म्हणतो. बॉडीवर ॲल्युमिनियमचे हजारो मारले, चेसिसला लोखंडी तापवून मारले. निवृत्त झाल्यापासून जुन्या जीपा पाहतो, कारण घरी बसलं की सून भाजी निवडायला देते.

बावा, तुझे आजार दोन नाहीत, एकच आहे. तुझ्या जीपचं स्टिअरिंग कसं चालते ते आधी डोळ्यासमोर आण. चाकाखालचा दांडा बॉक्समध्ये जातो. बॉक्स उजव्या रेलला बोल्टनं बसलेलं. बॉक्समधून ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक, ती येते मधल्या बेल क्रँकवर, म्हणजे पिनवर फिरणाऱ्या तुकड्यावर. बेल क्रँकमधून दोन टाय रॉड दोन चाकांकडे. आता सांग, बेल क्रँक कुठं बसलेला आहे? त्याच पुढच्या आडव्या मेंबरवर, ज्याचे रिपीट तू नखानं फिरवून राहिला. म्हणजे तू चाक फिरवतो तेव्हा आधी आडवा मेंबर सरकतो, रेल चिरीतून उघडते, हे सगळं लाड झाल्यावर मग टायरची पाळी. तुझी चार बोटं तिथं चालली. बॉक्सचा स्क्रू बिचारा काय करेल?

पण माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतः पाहा. एक खडू घे. मेंबर आणि रेल यांच्या जोडावरून आरपार सरळ रेघ ओढ. दुसरी रेघ बॉक्सच्या अंगावरून रेलवर. तिसरी बेल क्रँकच्या बुडाशी. गाडी सपाट जागेवर, चारही टायर जमिनीवर, इंजिन बंद. एकाला सीटवर बसव, त्यानं चाक फक्त प्लेपुरतं इकडे-तिकडे हलवायचं, जोर नाही करायचा. तू खाली टॉर्च घेऊन रेघा पाहा. जी रेघ मधून तुटते आणि परत जुळते, तिथं चोर आहे. मग एकेका जोडावर बोट ठेव, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. जे डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळते.

दुसरं, थयथयाट. तो एकट्या रिपीटांमुळे नसते होत. पुढचं चाक जॅकवर उचल, टायर वर आणि खाली धरून हलव. खटखट आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला लाव आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग. राहिली तर किंगपिन, म्हणजे ज्या पिनवर चाक वळते ती. ब्रेकनं ड्रम आणि नकल (चाकाला धरून वळवणारा सांधा) एक होतात, म्हणून व्हील बेअरिंगचा प्ले लपतो, किंगपिनचा लपत नाही.

तिसरं, चीर. तुला दोन इंच दिसते ना? ती तेवढी नसते. रेल तारेच्या ब्रशनं लखलखीत कर, रॉकेल लाव, चिंध्यानं कोरडी पूस, आणि वरून खडूची भुकटी चोळ. चहा पिऊन ये. चिरीत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटवते. ती जिथं संपते तिथं चीर संपते.

हे तीन करून सांग. तोवर वेल्डर नको, आणि गाडी डांबरीवर नको.

---

संत्राबाग

काकाजी, तुमच्या पाया पडतो.

रविवारी सकाळी धाकट्या भावाला सीटवर बसवलं. मेंबरवरची खडूची रेघ अक्षरशः दोन तुकडे होते! भाऊ चाक हलवतो, वरचा तुकडा जागेवर, खालचा दीड-दोन मिलीमीटर सरकतो, परत येतो. मी भावाला खाली बोलावून दाखवलं, मग शेजारच्या काकांना दाखवलं, मग बायकोला. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आणि यात तुम्ही मला बसवलं होतं."

बॉक्सच्या रेघेतही जरा हालचाल आहे. बॉक्स रेलवरून सरकत नाही, चिरीमुळे रेलच वाकून राहिली. बेल क्रँकची पिन खालून हातानं हलते, झीज आहे.

किंगपिन: उजवं चाक ठीक. डावं, ब्रेक दाबूनही खटखट. शिवाय डाव्या चाकाचा टाय रॉड सोडून नकल हातानं फिरवली तर बरोबर मध्यभागी एक खाच लागते, कपाटाचं दार बसतं तशी.

आणि चीर. दोन इंच नाही, पावणेचार निघाली. रेलच्या उभ्या भागातून खाली उतरून खालच्या आडव्या पट्टीत वळली आहे. खडूवर काळी रेघ उमटताना पाहून पोटात गोळा आला.

---

चारचाक_वेडा

पावणेचार इंच? पॉवर स्टिअरिंगचा सल्ला मागे घेतो. पण भाऊ, एवढा खर्च करण्यापेक्षा विकून बोलेरो का घेत नाही?

---

संत्राबाग

बाबांची आहे.

---

जुना_फिटर

ती खाच म्हणजे किंगपिनचं बेअरिंग गेलं. किंगपिनचं बेअरिंग पूर्ण चक्कर फिरतच नाही, जन्मभर थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे. रोलर त्याच त्या जागी आपटून कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) ओळीनं खळगे पाडतात, आणि सगळ्यात खोल खळगे सरळ चालण्याच्या जागी. बेअरिंग आणि कप दोन्ही नवे टाक, दोन्ही चाकांचे. वरच्या झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून नकल किंचित घट्ट ठेव. हातानं वळवताना एकसारखा दाब लागला पाहिजे, खाच नाही आणि खटखटही नाही. बेल क्रँकची पिन आणि बेअरिंगही बदल.

आता चेसिस. हे सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळे घाई करतात.

जीपची शिडी, म्हणजे चेसिस, रिपीटनं का जोडली, वेल्डिंग का नाही केली? नांगरटीतून चाललं की ती शिडी पिळवटते, पिळवटायलाच पाहिजे. रिपीट त्या पिळाला केसभर जागा देते. वेल्डिंगनं सांधा ताठ होतो आणि शिवणीच्या काठचं लोखंड तापून त्याची जात बदलते. वाडीवाल्याच्या पिकअपचं तेच झालं. तुझ्या गाडीत तर पेट्रोलच्या जागी डिझेल आलं. नाकावर वजन वाढलं आणि थरथर वाढली. त्यात मागे क्रेट. तुझ्या बाबांची चूक नाही, तेव्हा सगळ्यांनीच केलं, पण रेलला सांगून नव्हतं केलं.

चिरीला मात्र वेल्डिंग लागते, नीट केलेलं. रॉकेलनं दाखवलेल्या टोकाच्या जरा पुढे पाच-सहा मिलीमीटरचं भोक पाड, म्हणजे चीर तिथं थांबते. हे भोक विसरलास तर बाकी सगळं वाया. मग चिरीला ग्राइंडरनं व्ही पाड. रॉड साधा नाही, सात शून्य अठरा, लो हायड्रोजनचा, आणि भट्टीत वाळवलेला. ओला रॉड मारला तर आत बुडबुडे राहतात. भरलं की घासून रेलच्या पातळीत आण. मग आतून पट्टी, रेलच्या जाडीएवढी, जास्त जाड नको. पट्टीची टोकं तिरपी काप, पतंगाच्या टोकासारखी. सरळ कापली तर पट्टी जिथं संपते तिथं नवीन चीर. पट्टी रेलच्या उभ्या भागाला जोडायची, खालच्या आडव्या पट्टीवर आडवी शिवण घालायची नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढ. या जीपची टाकी सीटखाली असते, ती बाहेर काढून लांब ठेव. डिझेल आहे म्हणून निर्धास्त राहू नको, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट.

आता रिपीट. गॅसनं कापू देऊ नको, भोक मोठं होते आणि रेल तापते. डोक्यावर मधोमध सुंब्यानं खूण कर, बारीक ड्रिल, मग रिपीटापेक्षा किंचित लहान ड्रिलनं फक्त डोक्याच्या जाडीपर्यंत. छन्नीचा एक फटका, डोकं उडालं. मग सुंब्यानं मागे ठोक. एका वेळी एकच काढ, बाकीच्या जागी बोल्ट आवळून ठेव, नाहीतर मेंबर सरकेल आणि भोकं कधीच जुळणार नाहीत.

तीन सुती रिपीट, म्हणजे तीन अष्टमांश इंच. जोडाच्या बाहेर रिपीटाच्या जाडीच्या दीडपट काढायचा, साधारण १४ मिलीमीटर, तेवढ्याचं डोकं होते. भट्टीत केशरी लाल होऊ दे, ठिणग्या उडायला लागल्या तर जळाला, फेकून दे. एकानं मागून डॉली (टेकूचं जड लोखंड) दाबायची, दुसऱ्यानं मारायचं. लाली काळी पडायच्या आत डोकं झालं पाहिजे. निवताना तो आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो, भोकही गच्च भरते. खरा रिपीट म्हणजे हे आखडणं. थंडीचे दिवस आहेत, भट्टीजवळ उभं राहायला मजा येईल. मे महिन्यात हेच केलं असतं तर रिपीटाआधी आम्ही वितळलो असतो.

रिपीट मारणारा नाहीच मिळाला तर बोल्ट चालते, पण भोकात सैल बसणारा नाही. रीमरनं भोक गोल करून घे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला बोल्ट, आणि जोडाच्या आत त्याचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आटे नाही. आटे पत्र्यात आले की पत्रा त्यांना घासतो, आणि सहा महिन्यांत परत तपकीर.

---

जिप्सी_सावनेर

नमस्कार. मध्येच विचारते, माझ्या जिप्सीच्या चेसिसला एक ब्रॅकेट सुटलं आहे, एक्झॉस्टच्या हँगरचं. तिथं पॉप रिव्हेट चालेल का? घरी रिव्हेट मारायची गन आहे. आणि काकाजी, रिपीट ठीक बसला हे नंतर कसं ओळखायचं?

---

जुना_फिटर

ताई, पॉप रिव्हेट आतून पोकळ असते. नंबर प्लेटला, पत्र्याला चालते. सायलेन्सर तापतो, हलतो, लटकतो, तिथं नाही टिकणार. बोल्ट आणि लॉक नट.

ठीक बसला का ओळखायला एका बाजूच्या डोक्याला बोट लाव, दुसऱ्या बाजूनं हलकी हातोडी मार. घट्ट असेल तर बोटाला नुसता ठोका कळतो आणि आवाज टणक येतो. ढिला असेल तर डोकं बोटाला उडून लागते आणि आवाज फुटक्या मडक्यासारखा. डोक्याभोवती रंगाची गोल चीर किंवा गंजाचा ओघळ दिसला तरी समजा.

---

संत्राबाग

काम झालं. कोणाला उपयोग होईल म्हणून जे जसं घडलं तसं लिहितो.

वाडीवाला भाऊंनी सांगितलेल्या माणसाकडे गाडी टोचन करून नेली, चालवत नाही. रिव्हेट इतवारीत लोहा ओळीत सापडले. पहिल्या चार दुकानांत "रिव्हेट? शाळेच्या दप्तराचे का?" असं विचारलं, पाचव्यात एका म्हाताऱ्या शेठजींनी न विचारता मागच्या खोलीतून पोतं आणलं. किलोनं विकतात! मला बारा पाहिजे होते, अर्धा किलो घ्यावे लागले. उरलेले कोणाला हवे असतील तर सांगा.

चिरीच्या टोकाला भोक पाडायला सांगितलं तर वेल्डर (वाडीचा, घराजवळचा नाही) म्हणाला, "आधीच पाडलं आहे." तेव्हा मी शांत बसलो. उजव्या बाजूचे सहाही रिव्हेट बदलले. वाजवून पाहिलं तर डाव्या बाजूचे दोन फुटक्या मडक्यासारखे वाजले, तेही बदलले. रिव्हेट मारतानाचं दृश्य विसरणार नाही. भट्टीतून चिमट्यानं काढलेला रिव्हेट संत्र्याच्याच रंगाचा होता, अगदी पिकलेल्या नागपुरी संत्र्याच्या. मागून पोरगा डॉली दाबून बसला, उस्तादांनी आठ-दहा घाव घातले, रंग लाल झाला, मग काळसर, आणि डोकं गोल तयार. मग टिक टिक आवाज येत राहिला. उस्ताद म्हणाले, "आवळून राहिला."

किंगपिनचे बेअरिंग चारही नवे. जुन्या डाव्या कपात काकाजींनी सांगितलेले खळगे एका ओळीत, मी ठेवून घेतला आहे. बेल क्रँकची पिन आणि बेअरिंग नवं.

शेवटी स्टिअरिंग बॉक्स. ते उघडलं तर आत ग्रीस कोंबलेलं! कधी कोणी कोंबलं देव जाणे. मधला भाग कोरडा खडखडीत आणि ग्रीस भिंतींना चिकटलेलं. धुवून घेतलं, नव्वद नंबर ऑईल भरलं. स्क्रू कसा लावायचा तेवढं राहिलं आहे, काकाजी?

---

जुना_फिटर

ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की परत येत नाही, ऑईल वाहून परत येते. म्हणून बॉक्सला ऑईलच.

स्क्रू असा. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मवरून काढ. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोज, बरोबर निम्म्यावर आण. हे मध्य. या बॉक्सचा कॅम मधोमध मुद्दाम घट्ट कापलेला असते आणि दोन्ही टोकांकडे सैल. कारण गाडी जन्मभर सरळ चालते, झीज मध्यावर होते. तुझ्या पहिल्या मेकॅनिकनं चाक वळलेलं असताना, तिथला प्ले संपेपर्यंत आवळलं असेल. म्हणून मधोमध जाम होऊन चाक परत येत नव्हतं. मध्यावर ठेवून स्क्रू इतकाच आवळ की मधून जाताना बोटाला किंचित अडखळ कळावी. मग नट लॉक. दांड्याला वर-खाली प्ले असेल तर तो या स्क्रूनं जात नाही, त्याला वरच्या झाकणाखालच्या शिम कमी कराव्या लागतात. तो आधी काढ, स्क्रू नंतर.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं किती आत पाहतात ते, पाह्यला विसरू नको. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूनं रेघ, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोज. पुढून दीड-दोन मिलीमीटर कमी हवं.

---

संत्राबाग

झालं. दांड्यात प्ले होता, एक शिम काढली. टो-इन पुढून सात मिलीमीटर *जास्त* निघालं, म्हणजे चाकं बाहेर पाहत होती. टाय रॉड एंड टाकणाऱ्यानं मोजलंच नव्हतं. आता दोन मिलीमीटर कमी आहे.

काल सकाळी रिकामी घेऊन कळमेश्वरपर्यंत जाऊन आलो. प्ले एक बोट, त्याहून कमीच. गोरेवाड्याच्या पुढे त्याच त्या जॉइंटवर मुद्दाम ५० नं नेली. धडाम् झालं, आणि चाकं सरळ. वळणानंतर स्टिअरिंग हातातून आपोआप घरी येतं. बायको उद्या बागेत यायला तयार आहे, येताना एसटीचे सुटे पैसे जवळ ठेवते म्हणाली.

---

जुना_फिटर

ठेवू दे. शंभर किलोमीटर झाले की बॉक्सचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि बेल क्रँकचा नट पाना लावून पाहा, नवीन काम बसते तेव्हा थोडं सैल होते. पट्टीच्या दोन्ही टोकांवर रंग मारू नको अजून, पासिंगच्या आधी मार. तोवर महिन्यातून एकदा तिथं रॉकेल-खडू कर.

आणि उरलेले रिपीट मला दे. वाडीला येईन तेव्हा घेईन, संत्री दोन डझन बरोबर ठेव.